मांजरपाटाची सावली

हिंगोलीच्या बसस्थानकावर सकाळी आठला कळमनुरीची गाडी लागली, तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, शिंप्याची मोजपट्टी आणि माधवची वही एवढंच होतं. प्रवास दोन दिवसांचा आणि जिल्ह्याच्या आतला. पहिल्या दिवशी कळमनुरी आणि आखाडा बाळापूर, रात्री घरी परत, आणि दुसऱ्या दिवशी उलट दिशेला नरसी नामदेव. आणायची होती ती वस्तू मात्र समुद्रकिनाऱ्यावर लागणारी होती. हातात उचलून नेता येईल आणि वाळूत उभी करता येईल अशी सावली. आमच्याकडून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी एक रात्र गाडीत काढल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे ही वस्तू मागितली की दुकानदार आधी माझ्याकडे बघत आणि मग काहीतरी भलतंच पुढे करत.

माधव म्हणजे माझा नवरा. पाटबंधाऱ्यांच्या कामावर तो आरेखक होता, आयुष्यभर नकाशे काढले. गेल्या श्रावणात गेला. मी एका शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं होते आणि आता घरीच असते. त्याच्या वह्या मी आवरायला घेतल्या त्या माघात. एका वहीत शेवटच्या पानांवर त्याने एक तक्ता आखलेला सापडला. आडव्या ओळींत सावलीचे प्रकार होते: मोठी छत्री, आपोआप उघडणारा तंबू, चार काठ्यांवरचं कापड. उभ्या रकान्यांत वजन, सावलीची लांबी-रुंदी, वारा. वाऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वाळूत खुंटी?’ त्यापुढे काही नव्हतं. शेवटच्या रकान्याचं नाव होतं, ‘अक्का बसेल का?’ तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

अक्का ही त्याची मोठी बहीण. वय अडुसष्ट. आई लवकर गेल्यामुळे माधवला त्यांनीच वाढवलं. नरसीला मंदिराच्या रस्त्यावर त्यांचं नारळ-फुटाण्यांचं छोटं दुकान आहे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांना कातडीचा आजार झाला. ऊन लागलं की गालांवर आणि हातांवर लाल चट्टे उठतात, दुसऱ्या दिवशी ताप येतो. सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, आणि अक्का ते पाळतात. दुकानाच्या पत्र्याखाली आत सरकून बसायचं आणि बाहेरचं ऊन बघायचं. माधवने त्यांना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, आणि नुसता दाखवायचा नाही, एक अख्खा दिवस किनाऱ्यावर बसवायचं.

मी सोमवारची तिकिटं काढली आणि मग अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “सावली आधी दाखव. मंग गाडीत बसते. न्हाई तर तू एकटी जाऊन ये.” त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे हातात आठवडा होता. गाडीत बसले तो गुरुवार.

मधल्या दोन दिवसांत तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी खोडून झाल्या होत्या. हिंगोलीच्या दुकानात मोठी छत्री होती, पण तिच्या बुडाशी सिमेंटचा ठोकळा. “मॅडम, गार्डन में एक बार रख दो, दस साल हिलेगी नहीं,” दुकानदार म्हणाला. न हलणं हीच तिची अडचण होती. तंबू ऑनलाइन मागवला. पिशवीतून काढताच तो बैठकीच्या खोलीत फाडकन उघडला आणि नंतर काही केल्या मिटेना. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या, तंबूला वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या, साखर घेऊन तशाच वळशाने परतल्या. गुरुवारी निघताना मीही त्याला वळसा घालूनच दाराशी गेले.

राहिली तिसरी ओळ, चार काठ्यांवरचं कापड.

हिंगोली ते कळमनुरी हा रस्ता मी अनेकदा केलेला आहे, पण माणूस गेल्यावर ओळखीचा रस्तासुद्धा थोडा लांब वाटतो. हरभरा निघून गेला होता, गहू पिवळा पडला होता. काही शेतांत हळद शिजवणं चालू होतं. मोठ्या कढयांखालून धूर निघत होता आणि बसच्या खिडकीतून तो कडवट, मातकट वास आत येत होता. मोकळ्या झालेल्या काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात खुंटी ठोकावी लागत नाही. भेग बघायची, तीत खुंटी सरकवायची आणि वरून एक ढेकूळ दाबायचं. माधवच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुणाला माहीत असेल, अशी मला फारशी आशा नव्हती.

कळमनुरीला त्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजारातली पालं (विक्रेत्यांची तात्पुरती कापडी छपरं) मला जवळून बघायची होती, कारण रोज एका गावातून दुसऱ्या गावात सावली उचलून नेणारी माणसं तीच. एका बांगडीवालीच्या पालाला मी मोजपट्टी लावली.

“बाई, पाल काहून मोजून राहिल्या?” तिने आतून विचारलं.

“असंच एक करून घ्यायचंय.”

“माझ्या बाजूला बसता का काय? जागा न्हाई बरं इथं, आधीच सांगते.”

मी समुद्राचं सांगितलं. तिने मान वळवून शेजारच्या लसूणवालीला हाक मारली. “मावशे, ऐकलं का? या बाईला समुद्रावर पाल मारायचं हाय.”

लसूणवाली म्हातारी होती. तिने पाकळ्या निवडता निवडता विचारलं, “लसूण खपतो का तिथं?”

“नुसतं बसायचंय,” मी म्हणाले.

“नुसतं?” दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बांगडीवालीला माझी कीव आली असावी. तिने मला आत बोलावून डोक्यावरच्या निळ्या ताडपत्रीला हात लावायला लावला. हात भाजला. “हे मेणकापड घेऊ नका. पाऊस अडतो, पण दुपारी भाकरीवानी शेकून निघते मी इथं. मांजरपाट घ्या. कोरा. दुहेरी लावा. ऊन येत न्हाई आन् वारा जातो आरपार. आमची सासू तेच वापरायची.”

“मग तुम्ही का नाही वापरत?”

“मेणकापड सस्तं पडते,” ती म्हणाली, “आन् सासूचं ऐकलं असं होते ना.”

मांजरपाट म्हणजे जाडं, न धुतलेलं सुती कापड. बाजाराच्या टोकाला एक जुनं कापडाचं दुकान होतं आणि बाजाराचा दिवस म्हणून आत गर्दी होती. मी दारातूनच म्हणाले, “कोरा मांजरपाट हवाय. दहा मीटर.”

पुढे जे झालं ते मला तेव्हा फार चांगलं वाटलं. समोर उभी असलेली माणसं बाजूला झाली. लुगडं बघणाऱ्या एका बाईने आपला हात आवरून मला वाट दिली. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी हातातलं गिऱ्हाईक सोडलं, नोकराला “आधी बाईंचं बघ” असं सांगितलं आणि मग स्वतःच उठले. कापड मोजलं, कडेला दाताने लहानशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टरकन फाडलं. भाव त्यांनी सांगितला तोच मी दिला, घासाघीस झाली नाही. घडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि हात जोडले. ‘परत या’ असं म्हणाले नाहीत. बाहेर एका तरुणाने विचारलं, “काकू, सोबत येऊ का?” मी नको म्हणाले. पांढऱ्या होत चाललेल्या केसांना अजून इतका मान मिळतो, असा विचार करत मी बाळापूरच्या गाडीत बसले.

आखाडा बाळापूरला हमरस्त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवणारे एक चाचा आहेत, हे बांगडीवालीनेच सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मशीन होतं आणि भोवती इतकं कापड पसरलेलं होतं की चाचा त्यातून कमरेपासून वरच दिसत होते. साठीच्या पुढचे, दाढी मेंदीने रंगवलेली. मी वहीतला तक्ता आणि त्याखालचं माधवने काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट पाहिलं.

“ड्रॉइंग अच्छी है. कोणी काढली?”

“आमच्या घरच्यांनी.”

“हात साफ आहे त्यांचा,” ते म्हणाले आणि पुडी सोडली. कापड उलगडता उलगडता त्यांचा हात एका कडेवर थांबला. फाडलेल्या कडेची सुटी सुतं त्यांनी अंगठ्याने सारखी केली. “बाई, हे कापड घेताना काय बोलल्या तुमी?”

“कोरा मांजरपाट, दहा मीटर.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आन् एकट्याच गेल्त्या?” त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “कोण गेलं, बाई?”

तेव्हा कुठे मला सगळं दुकान परत दिसलं. बाजूला झालेली माणसं, वाट देणारी बाई, जोडलेले हात. मयताच्या कापडाला आमच्या भागात कैची लावत नाहीत. मोजून हातानेच फाडतात, भाव करत नाहीत आणि दुकानदार गिऱ्हाइकाला परत या म्हणत नाही. हे सगळं मला माहीत होतं. फक्त श्रावणात ते कापड मी आणलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी आणलं होतं.

“आमचे मालक गेले,” मी म्हणाले. “पण आठ महिने झाले. हे समुद्रावर सावलीसाठी आहे. त्यांच्या बहिणीला.”

चाचांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. मी म्हणाले, “परत जाऊन दुसरं आणते.”

“कायको? इतना अच्छा माल है.” त्यांनी कापड मशीनवर ओढलं. “सुनो बाई. मय्यतच्या कापडाला सुई लागत न्हाई. आमच्यात बी न्हाई, तुमच्यात बी न्हाई. जसं फाडलं तसं जातं. सुई एकदा आरपार गेली की ते मय्यतचं राहतच न्हाई. मग ते पडदा होईल, पाल होईल, कुर्ता होईल. बराबर ना?”

मी मान हलवली. त्यांनी आधी ती फाडलेली कडच घेतली, दोनदा दुमडली आणि मशीन चालवलं. बाकीचे तुकडे कैचीने कापले, दोन-दोन जोडले आणि एकावर एक ठेवून दुहेरी केले. कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर जाडं कापड लावून दोरीसाठी पितळी कड्या ठोकल्या. मधोमध जोडता येणाऱ्या चार पोकळ लोखंडी काठ्या त्यांच्याकडे मांडवाच्या सामानात होत्या, त्या दिल्या. वर हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या.

“वाळूत बसतील का?” मी विचारलं.

“वाळूत मी कधी काम केलं न्हाई. आपला सगळा धंदा काळ्या मातीचा. पर ये खुंटी बैल को बांध के रखती है.” मग ते हसले. “समुद्र काय बैलापेक्षा मोठा आहे का?”

सगळं मिळून एक वळकटी झाली. ती खांद्याला लावून मी संध्याकाळी हिंगोलीला परतले. दारातून आत येताना तंबूला वळसा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नरसीला पोचले. अक्का दुकान उघडून बसल्या होत्या. एका कुटुंबाला नारळ देत होत्या, हातांवर मनगटापर्यंत बाह्या होत्या आणि डोक्यावरून पदर. मला बघून म्हणाल्या, “आली का सावली? दाखव.”

मी वळकटी सोडली. अक्कांनी कापडाच्या वरच्या बाजूकडे पाहिलंही नाही. जत्रेत, बाजारात, कुठेही कापड घेताना त्या कड आधी चाचपतात. चारही कडांवरून त्यांचा अंगठा फिरत गेला आणि एका ठिकाणी थांबला. दुमडलेल्या शिवणीच्या टोकातून दोन सुतं बाहेर आली होती. ती त्यांनी ओढून पाहिली.

“हे फाडलेलं हाय.”

“हो.”

“काहून?”

मी कळमनुरीचं दुकान सांगितलं. सांगताना ते विनोदी होईल असं मला वाटलं होतं. अक्कांनी कापड मांडीवरून उचलून फळीवर ठेवलं.

“मयताचं कापड माझ्या डोक्यावर धरायला आणलं तू?”

“अक्का, चुकून...”

“तुझं चुकून असंल. माधूचं मीच आणलं होतं. तू आत पडली होती, तुला काय ठाव? याच हातानं धरलं, दुकानदारानं फाडलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “न्हाई जमत, सुनंदा. तिकिटं परत कर.”

मी दुकानाच्या पायरीवर बसले. गिऱ्हाइकं येत होती. अक्का नारळ देत होत्या, फुटाणे मोजत होत्या, लांबून आलेल्या एका बाईला मंदिरात चपला कुठे ठेवायच्या ते सांगत होत्या.  श्रावणात ते कापड कुणी आणलं होतं, हे मी आठ महिने विचारलं नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं. बऱ्याच वेळाने चाचांनी सुईबद्दल सांगितलं होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं. मन वळवावं म्हणून नव्हे. नुसतं बसवेना म्हणून.

अक्कांनी हातातलं माप डब्यात ठेवलं.

“मुसलमान हाय का तो?”

“हो.”

“त्यांच्यात बी शिवत न्हाईत?”

“तसं म्हणाले.”

त्या उठून आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात गोधडीची मोठी सुई होती आणि लाल दोरा. कापड परत मांडीवर घेतलं, ती कड शोधली आणि चाचांच्या शिवणीच्या खाली गोधडीला घालतात तसा लांब टाका घालायला लागल्या.  अर्ध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “त्यानं शिवलं ते गिऱ्हाइकाचं. मला बसायचं हाय तर माझी सुई लागाय पाहिजे.” टोकाला पोचल्यावर दोरा दाताने तोडला. “किती वाजले?”

“साडेनऊ.”

“चल नदीत. बसून पाहू. जमलं न्हाई तर न्हाई.”

कयाधू गावाच्या कडेनेच वाहते. मार्चमध्ये तिच्यात पाणी थोडंच असतं, एका काठाने डबकी आणि बाकीची पांढरी रेती. माधवने हीच नदी मला नकाशावर दाखवली होती. कयाधूचं पाणी पैनगंगेत, तिथून पुढे दोन नद्यांतून गोदावरीत आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. म्हणून तिकिटं पूर्वेची होती.

अक्का मोठी काळी छत्री धरून आल्या. मी काठ्या उभ्या केल्या, दोऱ्या बांधल्या, चाचांच्या खुंट्या दगडाने ठोकल्या. त्या सहज आत गेल्या, आणि त्यातच शंका यायला हवी होती. अक्का खाली बसल्या आणि छत्री मिटली. पाचेक मिनिटं सगळं ठीक होतं. मग नदीच्या पात्रातून वारा आला, कापड फुगलं आणि चारही खुंट्या एकामागून एक रेतीतून निघाल्या. एक काठी माझ्या खांद्याला लागली. ऊन सरळ अक्कांच्या तोंडावर पडलं. मी कापडाची दोन टोकं पकडून त्यांच्यावर वाकले आणि तशीच उभी राहिले, कारण टोकं सोडली तर ऊन आणि धरून ठेवली तर छत्री उघडायला हात नाही. अक्का पदराखालून म्हणाल्या, “झालं तुझ्या मनासारखं?”

पलीकडच्या काठावरून मेंढरं उतरत होती. मेंढरांमागची बाई थांबून आमच्याकडे पाहत होती. नऊवारी कासोटा, खांद्यावर काठी, वय पन्नाशीचं. ती रेतीतून चालत आली आणि पायाशी पडलेली खुंटी उचलून पाहिली.

“हे काय हाय? दातकोरणं?”

“खुंटी,” मी म्हणाले.

“रेतीत खुंटी ठोकून राहिल्या व्हय तुमी?” तिने अक्कांकडे वाकून पाहिलं. “अक्का, तुमी बी? इथंच जलमल्या ना?”

“मी दुकानात बसते, कौसाबाई,” अक्का म्हणाल्या. “नदीत काय मेंढरं चारते?”

“ते बी खरं हाय.” कौसाबाईने छत्री उघडून अक्कांच्या हातात दिली, तेव्हा माझे हात सुटले. “पिशव्या हायत का रिकाम्या?”

अक्कांच्या पिशवीत फुटाण्यांच्या चार रिकाम्या कापडी पिशव्या होत्या. कौसाबाईने त्या रेतीने भरल्या, तोंडं आवळली, दोऱ्या त्यांच्या गळ्यात बांधल्या. मग गुडघ्यावर बसून कोपर बुडेल एवढा खड्डा उकरला, पिशवी आत टाकली आणि वरून रेती लोटून पायाने दाबली. दोरी तिरपी बाहेर निघाली. “ओढा आता.”

मी दोन्ही हातांनी ओढली. दोरी तसूभरही हलली नाही.

“आमी दर साल नदीनदीनं जातो. रात्री वारा सुटला तर पाल उडून लेकरावर पडंल, म्हणून पुरावंच लागते,” ती म्हणाली. “आन् पिशवी रिकामीच न्यायची. रेतीचं वझं कशाला? तिथं समुद्रावर काय रेतीची तकलीफ हाय?”

बाकीच्या पिशव्या पुरून काठ्या परत उभ्या केल्यावर तिने पश्चिमेकडच्या दोन काठ्या सोडवून त्यांचे वरचे तुकडे काढले, म्हणजे ती बाजू खाली आली. “दुपारून ऊन इकडून घुसते. आता तुमी या टोकाला बसा, बारानंतर त्या टोकाला सरका.” कापडाखाली शिरून तिने वर पाहिलं. लाल टाक्यांची रांग तिला दिसली असावी. “गोधडीचा टाका कुणी घातला?”

“मी,” अक्का म्हणाल्या.

“वाकडा हाय.”

“डोळ्याला कमी दिसते. तुला काय करायचं हाय?”

दहा वाजले होते. कौसाबाई मेंढरं डबक्याकडे वळवून परत आली आणि आमच्यात बसली. तिच्याजवळ ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा होता, आमच्याजवळ दशम्या आणि फुटाणे. सगळं मधे ठेवून खाल्लं. वारा येत होता. कापड फुगत होतं आणि परत बसत होतं. दोन पदरांतून येणारा उजेड दुधासारखा होता आणि त्यात अक्कांचे हात फिकट दिसत होते. पंधरा वर्षांत या वेळेला मी त्यांना पत्र्याबाहेर पाहिलेलं नव्हतं.

“समुद्रावर काहून जाता?” कौसाबाईने विचारलं. “देव हाय का तिथं?”

“आमचा माधू हाय,” अक्का म्हणाल्या.

कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. अक्काच पुढे बोलल्या. “लहान व्हता तव्हा इचारायचा, अक्का, ही नदी कुठं जाते? मी म्हणायची, समुद्राला. मला काय ठाव, कोणीतरी सांगितलं व्हतं. मंग मोठा झाला, नकाशे काढाया लागला, तर म्हणाला, खरंच जाते गं.” त्या हाताने रेती सारखी करत होत्या. “श्रावणात गेला. राख इथंच सोडली, त्या वरच्या दगडापाशी. पानी लई व्हतं तव्हा. दोन्ही थड्या भरून.”

“मंग पोचला असंल की आतापर्यंत,” कौसाबाई म्हणाली. भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत तिने ते म्हटलं, एखादा पाहुणा गावाला पोचला असेल तसं.

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “मी बी तेच म्हणते.”

माधव तिथे पोचला असेल, असं आठ महिन्यांत अक्का मला कधी म्हणाल्या नव्हत्या. मला वाटत होतं की मी त्यांना समुद्र दाखवायला नेते आहे. मी दूरच्या काठाकडे पाहत राहिले. तिथे पळस फुलले होते.

बारा वाजता अक्का दुसऱ्या टोकाला सरकल्या. कौसाबाई मेंढरांमागे गेली. जाताना म्हणाली, “मोठं पानी पाहून आल्यावर सांगा मला, मेंढरं पितात का ते.” दुपारी थोडा वेळ अक्का आडव्या झाल्या आणि घोरल्या. मी वाचायला काही आणलं नव्हतं. सावली रेतीवरून सरकत होती आणि मी तिच्या कडेवर बोटाने रेघ ओढत होते. तिसरी रेघ ओढली तेव्हा चार वाजायला आले होते.

निघताना अक्कांनी बाही वर सरकवून कोपरापर्यंतचा हात पुढे केला, मग दुसरा. कुठे लाल नव्हतं. “गालावर बघ.” गालावरही नव्हतं. सकाळी ऊन पडलं त्या जागी थोडं गुलाबी होतं. “ते निवंल,” त्या म्हणाल्या. “सोमवारी गाडी किती वाजता?”

पिशव्या काढायला आम्हाला दोघींना मिळून रेती उकरावी लागली. कौसाबाईने त्या चांगल्याच खोल पुरल्या होत्या. रेती नदीत ओतली, पिशव्या झटकून अक्कांनी घडी घातली आणि मला दिल्या. “विसरू नको या. कापड ऱ्हायलं तरी चालंल.”

परतीच्या गाडीत गर्दी होती. वळकटी मी मांडीवर घेतली होती. शेजारी बसलेल्या एका माणसाने विचारलं, “मांडव का?” मी हो म्हणाले. कापडाला रेतीचा आणि ठेच्याचा वास येत होता. गेल्या श्रावणापासून कोरं पांढरं कापड बघितलं की मी दुसरीकडे बघत असे. त्या संध्याकाळी हिंगोली येईपर्यंत तासभर मी त्यावर हात ठेवून बसले होते, हे उतरताना लक्षात आलं. फार मोठं काही नाही. पण लिहून ठेवण्याइतकं आहे.

घरी आल्यावर दिवा लावला, चहा केला आणि वही उघडली. माधवची पेन्सिल तशीच वहीच्या कण्यात अडकवलेली होती. तिसऱ्या ओळीत वजन लिहिलं, सावलीची लांबी-रुंदी लिहिली. ‘वाळूत खुंटी?’ च्या पुढे जागा थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: ‘नको. रिकामी पिशवी न्यावी, तिथली वाळू भरावी, कोपरभर खोल पुरावी.’

मग शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘बसल्या. दहा ते चार.’